ठाणे खाडीच्या चिखलात एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कळवेकरीण:

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर कळव्याला, त्यामुळे लोकलमधून रोज खाडी ओलांडते. ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यावर चरणारे शेकाटे, बगळे लहानपणापासून बघत आले. प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. चिखलातले किडे, शिंपले, खेकडे, म्हणजे ज्याला बेंथॉस म्हणतात त्यावर काम करायचं ठरवलं आहे.

सध्या डोक्यात असं आहे की कोपरी, ऐरोली आणि वाशी अशा तीन ठिकाणचे नमुने घ्यायचे, कुठे किती जीव सापडतात ते मोजायचं आणि त्यावरून प्रदूषण कुठे जास्त ते सांगायचं. आमचे गाइड तलावातल्या माशांवर काम करतात. ते मनापासून मदत करतात, पण भरती-ओहोटीच्या जागी त्यांनी काम केलेलं नाही. कॉलेजात मायक्रोस्कोप आहे, ओव्हन आहे, मातीच्या चाळण्या भूगर्भशास्त्र विभागाकडून मिळतील. कोअरर, म्हणजे गाळाचा उभा नमुना काढायची नळी, नाही.

विचारायचं आहे ते असं: तीन ठिकाणं पुरतील का? परवानगी कुणाची लागते? ओहोटीची वेळ कशी धरायची? आणि चिखलात उतरणं कितपत सुरक्षित आहे? आई फार काळजीत आहे, तिच्या माहेरी चिखलात रुतलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकून ती मोठी झाली.

---

खाडीकाठ:

मी या खाडीतल्या गाळातल्या वळ्यांवर, म्हणजे पॉलिकीट किड्यांवर, बरीच वर्षं काम करते आहे. राहते ऐरोलीला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला हजारो लोक येतात, पण ज्या चिखलावर ते जगतात त्यात हात घालायला फार थोडे उतरतात. तू उतरते आहेस याचा मला खरंच आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तीन ठिकाणांचा बेत सोड. एकच ठिकाण घे आणि त्याचा छडा लाव.

कारण सांगते. चिखलपट्टा लांबून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. तिवरांच्या कडेपासून पाण्याच्या कडेपर्यंत त्याला हलका उतार असतो. वरचा भाग दिवसातले कितीतरी तास उन्हात कोरडा पडतो, खालचा जेमतेम तासभर उघडा राहतो. कुठला जीव कुठे राहील हे या उघडं राहण्याच्या वेळेवर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. त्यानंतर येतो गाळाचा पोत: वाळू किती, पोयटा किती, चिकणमाती किती. त्यानंतर खारटपणा. खाडीचं ठाण्याकडचं टोक अरुंद आहे, उल्हास नदीशी तिथे चिंचोळ्या पात्राने जोडलेलं आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी जितकं गोडं होतं तितकं वाशीला होत नाही. आता तू कोपरीला वरच्या पट्ट्यातला नमुना घेतलास आणि वाशीला खालच्या पट्ट्यातला, आणि वाशीला किडे दुप्पट मिळाले, तर ते प्रदूषणामुळे, उंचीमुळे, पोतामुळे की खारटपणामुळे? तुझ्याकडे उत्तर नसेल. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवा.

म्हणून एक जागा निवड. तिवरांच्या कडेपासून पाण्यापर्यंत एक सरळ रेघ आख आणि तिच्यावर वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्या ठरव. शेजारी थोड्या अंतरावर तशाच आणखी दोन-तीन रेघा घे. हे शेवटचं विसरू नकोस. एकाच हातभर जागेत पाच कोअर मारले तर ते पाच नमुने होत नाहीत, त्या एका जागेचीच पाच मोजमापं होतात. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना तुझा आराखडा आत्ताच दाखव, आकडे हातात आल्यावर नको.

उंची मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर उंचीसाठी अजिबात विसंबू नकोस, तिथे काही मीटरची चूक सहज होते आणि तुला हवे आहेत सेंटिमीटर. त्यापेक्षा वारा पडलेल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी बांबूची काठी रोव आणि ओहोटीचं पाणी कुठल्या काठीपासून किती वाजता सरकलं ते घड्याळ लावून लिही. पुढे भरतीला पाणी परत कधी पोचलं तेही लिही. शांत पाण्याची कड ही आयती समपातळी असते. या वेळांवरून प्रत्येक जागा किती तास उघडी राहते ते निघतं आणि काठ्यांची एकमेकींच्या मानाने उंचीही कळते. हा एक तक्ता तुझ्या प्रबंधात असला की बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ येईल.

आता वेळ. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते असतात, त्यात मुंबईसाठी अपोलो बंदराच्या वेळा मिळतात. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्याहून उशिरा पोचतं आणि उशिरा उतरतं. किती उशिरा, ते तुझ्या जागेवर काठ्या लावूनच ठरव, पुलाखालून दुसऱ्या बाजूला गेलं तरी फरक पडतो. दुसरी गोष्ट, आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते, म्हणजे मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे चढउतार कमी असतो त्या दिवसांत, उलट, ओहोटी भर दुपारी येते, सोयीची वाटते, पण तेव्हा पाणी फारसं हटत नाही. मोठ्या उधाणाला मुंबईत चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, भांगाला तो निम्म्याच्याही खाली येतो. खालचा पट्टा बघायचा तर उधाणच हवं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमा उलटून गेल्यावरचे दोन-तीन दिवस धर. उधाण अजून जोरात असतं आणि ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमाराला, स्वच्छ उजेडात मिळते.

कोअररसाठी प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप पुरे. एक टोक कानशीने धारदार कर, 20 सेंमीवर खूण कर. खुणेपर्यंत दाबायचा, वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करायचं, मग फिरवत उचलायचा, म्हणजे गाळ खाली गळत नाही. आतला व्यास 10 सेंमी भरला तर क्षेत्रफळ साधारण 78.5 चौसेंमी, दर चौरस मीटरचा आकडा काढायला 127 ने गुणायचं. व्यास पट्टीने स्वतः मोज, दुकानदार सांगतो तो बाहेरचा असतो.

पहिला कोअर मात्र चाळू नकोस. पत्र्यावर आडवा ठेव, सुरीने उभा काप आणि नुसता बघ. सगळ्यात वर सोनेरी-तपकिरी, जेमतेम कागदाइतका थर दिसेल. ते डायटम शैवाल. चिखल उघडा पडला की उजेडासाठी ते वर येतात, पाणी यायच्या आधी पुन्हा आत उतरतात. लहान रोहित याच बारीक शैवालावर चोच उलटी धरून चरतात, मोठे रोहित गाळातले बारीक प्राणीही खातात. त्याखाली काही मिलिमीटर फिकट करडा गाळ आणि मग एकदम काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. तिथे प्राणवायू संपलेला असतो. पण त्या काळ्यात नीट बघ. उभ्या, दोऱ्याएवढ्या नळ्या दिसतील आणि त्यांच्या भिंती विटकरी असतील. आत राहणारा किडा अंग हलवून वरचं पाणी खाली ओढतो, त्यातल्या प्राणवायूने भिंतीतल्या लोहाला गंज चढतो. एक बोटभर किडा आपल्याभोवतीचा गाळ असा जिवंत ठेवतो. मला या खाडीतलं हे सगळ्यात सुंदर दृश्य वाटतं आणि ते पुलावरून दिसत नाही.

चाळणी 500 मायक्रॉनची घे. चाळायला खाडीचंच पाणी वापर. नळाचं पाणी लागलं की मऊ किडे फुगतात, फुटतात. फॉर्मेलिनमध्ये थेट टाकलेस तर आखडून तुकडे होतात, म्हणून आधी 7 टक्के मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल होऊ दे. मग 10 टक्के फॉर्मेलिन, त्यात बोरॅक्स. थोडं रोझ बेंगाल घातलंस की जीव गुलाबी दिसतात आणि काडीकचऱ्यातून वेचायला सोपे जातात. फॉर्मेलिनचं काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. यात हयगय नको.

प्रत्येक कोअरच्या शेजारून थोडा गाळ वेगळ्या पिशवीत घे, पोत आणि सेंद्रिय कर्बासाठी. कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत कुठल्याही माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत करतात.

आणि किड्यांची ओळख प्रजातीपर्यंत गेलीच पाहिजे हा हट्ट सोड. कुळापर्यंत खात्रीने ओळखलंस तरी खूप झालं. नेरीड, स्पायोनिड आणि कॅपिटेलिड ही तीन कुळं आधी नीट शिक. कॅपिटेलिड भरमसाट आणि बाकी कुणी नाही असं दिसलं तर गाळात सेंद्रिय कचरा जास्त असल्याची ती खूण मानली जाते. प्रदूषणाबद्दल एका वर्षात तुला प्रामाणिकपणे बोलता येईल ते इतपत, आणि ते कमी नाही.

परवानगीचं वेगळं लिहिते, आत्ता कामावर निघायचं आहे.

---

चेंदणी_कोळीवाडा:

पोरी, ताईंनी अभ्यासाचं सांगितलं, मी पायांचं सांगतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या याच खाडीत जाळी टाकली. आता मासा पूर्वीसारखा नाही, जिताडा लागला तर गावात सांगत सुटतात. पण खाडीची वाट अजून पायांना ठाऊक आहे.

पाणी समोरून येईल असं वाटतं. ते आधी मागून येतं. तू चिखलावर वाकून काम करत असतेस, समोर पाणी लांब दिसतं, आणि तेवढ्यात तुझ्या आणि तिवराच्या मधला ओहोळ भरून गेलेला असतो. म्हणून आत जाताना जितके ओहोळ ओलांडलेस तितके मोजून ठेव आणि पाणी थांबलं की लगेच परत फिर. पाणी चढायला लागल्यावर निघायचं नाही, थांबलं की निघायचं. काम राहिलं तर राहू दे, पंधरवड्याने पुन्हा उधाण आहेच.

ओहोळाची कड सगळ्यात दगाबाज. वर साय धरल्यासारखी दिसते, खाली कंबरभर. तिथे फळी टाकून जायचं. गमबूट घालू नको, ते चिखलात राहतात आणि पाय वर येतो. घट्ट जाड मोजे किंवा पायाला गच्च बसणारे बूट घाल. अनवाणी तर नकोच. कालवांच्या कपऱ्या लागतात आणि आता तर काचा आणि इंजेक्शनच्या सुयाही वाहून येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव.

रुतलीस तर पाय ओढू नको. ओढलास की दुसरा पाय जातो. मागे रेलून बस, अगदी पाठीवर पड, वजन पसरू दे. मग रुतलेला पाय आतल्या आत हलवत राहा, बाजूने पाणी शिरलं की चिखल सोडतो. घाईने कुणी सुटलेलं मी पाहिलेलं नाही, सावकाश सगळे सुटतात. आईला हेही सांग, की आमच्या बायका वर्षानुवर्षं याच चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या काढत आल्या. चिखल ओळखीचा असला की भीती राहत नाही.

एकटी जाऊ नको. कोळीवाड्यातला जाणता माणूस सोबत घे आणि त्याला दिवसाची मजुरी दे. त्याचीही एक सुकती, म्हणजे ओहोटी, तुझ्यासाठी जाते. पावसाळ्यात गडगडायला लागलं तर तसंच टाकून बाहेर ये, उघड्या चिखलावर तूच सगळ्यात उंच असतेस.

---

पाणपक्षी_नेरूळ:

एक छोटी विनंती. नोव्हेंबर ते मे या काळात जाणार असाल तर आधी दुर्बिणीतून पट्टा बघून घ्या. रोहितांचा किंवा तुतारी पक्ष्यांचा थवा चरत असेल तर त्या टोकाला त्या दिवशी जाऊ नका. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की रोहित नेरूळकडच्या पाणथळींवर, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे आणि डीपीएस तलावावर येऊन थांबतात. त्यांना पोट भरायला ओहोटीचे मोजके तास मिळतात. तेवढ्यात माणूस आला की ते उडतात आणि तो वेळ भरून निघत नाही. तुमच्या वहीत तारीख, वेळ आणि कुठले पक्षी किती अंतरावर होते एवढं लिहिलंत तर आम्हा पक्षी मोजणाऱ्यांनाही ते फार उपयोगी पडेल. खाली किडे आणि वर पक्षी अशा एकाच दिवसाच्या नोंदी मिळणं दुर्मीळ आहे.

---

कळवेकरीण:

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काकांचा मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने निवट्यांबद्दल ऐकलं आणि म्हणाली, माहेरी आजीही काढायची. जायला हरकत नाही, पण सोबत हवी, असं म्हणाली.

ताई, एकच जागा घेतली तर प्रकल्प फार लहान वाटणार नाही का? आणि पावसाळ्याचे नमुनेही घ्यावेत का? वर्ष पुरेल ना? परवानगीचं पण सांगा ना.

---

खाडीकाठ:

काकांनी सांगितलं ते कागदावर लिहून पिशवीत ठेव. शब्दन् शब्द खरा आहे.

लहान वाटणार नाही. चार रेघा, तीन पातळ्या, प्रत्येक ठिकाणी तीन कोअर धरले तर एका खेपेला 36 कोअर होतात. एकेक कोअर चाळून, वेचून, ओळखून, मोजून व्हायला लागणारा वेळ बघितलास की मला पुन्हा विचारशील की कमी करू का. तेव्हा रेघा कमी करू नकोस. प्रत्येक ठिकाणचे तीनाचे दोन कोअर कर.

पावसाळा घेच. उन्हाळ्यात खारट, पावसात गोडं, हिवाळ्यात पुन्हा खारट, असा या खाडीचा वर्षाचा फेरा आहे आणि गाळातले जीव त्याच्याबरोबर मरतात, वाढतात. तीन ऋतूंत त्याच काठ्यांपाशी परत जाता आलं तर तुझ्या हातात खरी गोष्ट येईल. काठ्या वाहून जातील हे धरून चाल, जीपीएसच्या नोंदी आणि काठावरच्या दोन पक्क्या खुणांची दिशा लिहून ठेव.

आता परवानगी. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधल्या खाडीचा मोठा भाग 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळपास 1,690 हेक्टर. 2022 मध्ये अभयारण्य आणि भोवतालचा भाग धरून 6,521 हेक्टरना रामसर दर्जा मिळाला. अभयारण्यात संशोधनासाठी जायला आणि नमुने उचलायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अभयारण्याबाहेरची जागा घेतलीस तरी काठाला कांदळवन आहे, त्यातून वाट काढायची तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारावं लागेल. तुझ्यासारख्या वर्षभराच्या प्रकल्पाला मी बाहेरचीच जागा सुचवेन, कळव्याच्या बाजूची. घरापासून जवळ आणि उधाणाच्या सकाळी वेळेत पोचता येईल.

अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीने. त्यात जागेचा नकाशा, तारखा, किती कोअर, किती खोल, सोबत कोण, नमुने नंतर कुठे राहणार, हे सगळं स्पष्ट लिही. उत्तर यायला महिने जातात, म्हणून अर्ज या आठवड्यात जाऊ दे. तोवर वेळ फुकट घालवायचा नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन ये, तिथून खाडी जवळून बघायला मिळते. रेल्वे पुलावरून रोज जातेसच, तर त्याच वेळी पाण्याची कड कुठे आहे ते महिनाभर वहीत टिपून तक्त्याशी ताडून बघ. आणि बाजारातून जिवंत चारा-किडे मिळाले तर ते मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये सैल करून मायक्रोस्कोपखाली त्यांचे जबडे बघायचा सराव कर. नेरीड सैल पडला की कधी कधी सोंड बाहेर टाकतो आणि दोन काळे, आत वळलेले जबडे स्वच्छ दिसतात. सोंड आतच राहिली तर डोक्याच्या मागे हलक्या हाताने दाबायचं, ते एकदा कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं. कुठल्याही रविवारी ये, माझ्याकडे काही जतन केलेले नमुने आहेत. आईलाही आण.

अर्जाचा मसुदा तयार झाला की इथेच टाक, नकाशासकट. बघून सांगते.